बदली मेडलं

४ डिसेंबर
लातूरहून सैनिक कार्यालयाचं पत्र. नव्या जिल्ह्याचा पहिलाच महाराष्ट्र दिन, माजी सैनिकांचा सत्कार, मेडलं लावून या. ट्रंक उघडली. गणवेश आहे, पट्टा आहे, मेडलांची डबीही आहे, आत काही नाही. सौ.ला विचारलं. "मला काय करायचंय तुमच्या बिल्ल्यांचं?" दिवसभर घर उलथंपालथं केलं. दोन्ही गेली. एक लढाईचं, सगळ्यांना मिळालेलं. दुसरं टेहळणीचं. ते आमच्या तुकडीत फक्त मला.

९ डिसेंबर
गावच्या चौकीत. बदली मेडलं मिळतात, पण पोलिसांचा कागद लागतो. जमादार म्हणाला, "हरवलं लिवलात तर चकरा मारू मारू थकताल, हवालदारसाहेब. चोरीला गेलं लिवा." लिहिलं. मग विचारतो, "घरी कोन कोन येऊन गेलं?"
सांगितलं : कल्हईवाला शब्बीर आला होता. अंगणात भट्टी लावली, पातेल्यांना कल्हई केली, पाणी प्यायला आत आला.
सगळं खरं. टेहळणीत एकच धडा गिरवून घेतलेला, दिसलं तेवढंच सांगायचं. तेवढंच सांगितलं. तरी परत येताना बरं वाटेना.

१४ डिसेंबर
शब्बीरला उचललं. दुष्काळी खडीच्या कामावर बायका बोलत होत्या म्हणे. संध्याकाळी त्याची बायको दारात. "साब, तुमीच सांगा ना जमादाराला. त्ये असले न्हाईत."
मी म्हणालो, "मी त्याला चोर म्हटलेलं नाही."
हेही खरंच. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि गेली. तिला बैस सुद्धा म्हणालो नाही.

१७ डिसेंबर
सोडलं. काही सापडलं नाही म्हणून. उजवा हात सुजलाय. ह्या हातानंच तर त्याचं पोट.
"सोडलं ना, संपलं मग," सौ.ला म्हणालो. ती भाकरी जोरात थापत होती.

२० जानेवारी
चावडीपुढच्या लिंबाखाली शब्बीर बसलेला असतो. भट्टी थंड. भांडी कोणी देत नाही. प्यायला पाणी नाही तिथं कल्हई कोण करून घेणार, दुष्काळच असला, असं मी स्वतःला सांगतो. दुष्काळावर ढकलायला सोपं आहे. आमचीही पातेली काळी पडलीत. सौ. म्हणते द्या त्याला. देऊ म्हणतो अन्...

११ फेब्रुवारी
गेला. बायकोपोरांसकट, देगलूरला, मेहुण्याकडं. अहमदपूरच्या स्टँडवर गाठ पडली. भाता डोक्यावर, तरी मोकळा हात वर करून "सलाम साब" म्हणाला. आधी त्यानं केला. मी वर्तमानपत्र घडी करत बसलो. लाज वाटली आणि घडी काही नीट जमेना.

१८ एप्रिल
लातूर. कार्यालय भाड्याच्या घरात. पाटीचा रंग ओला, अर्धे कागद अजून उस्मानाबादेत. पण साहेबांना कार्यक्रमाला हवी होती म्हणून मेडलं वेळेत आली. सही केली, पाकीट घेतलं. कडक रिबीन, लखलखीत. माझी वाटेनात. जुनी मेडलं माय चिंचेनं घासघासून गुळगुळीत करायची. तिला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या.

१९ एप्रिल
उंदरं लागली म्हणून सौ.नं माळ्यावरचं पोळ्याच्या सामानाचं पोतं खाली घेतलं. औंदा बैल चाऱ्यासाठी हिमायतनगरला तिच्या भावाकडं, पोळा झालाच नाही, पोतं कोणी उघडलं नव्हतं. झुली, गोंडे, घुंगरं. आणि सर्जा बैलाचं बाशिंग. बाशिंगाच्या मधोमध माझी दोन्ही मेडलं, लाल दोऱ्यानं शिवलेली. टाका मायचा.
तिच्या शेवटच्या पोळ्याला आम्ही दोघं नांदेडला लेकीच्या बाळंतपणात. सर्जाला तिनं एकटीनंच सजवलं. घरात चमकतं ते सगळं त्या दिवशी बैलाचं, असं तिचं नेहमीचं. काढायची राहिली, सांगायचीही राहिली.
सौ. मटकन खाली बसली. "आता वो?"


२२ एप्रिल
चौकीत जाऊन सांगितलं. जमादार हसला. "दोन दोन जोड झाले की मग! ठिवा. केस बंद हाय. आता उकरलात तर तुमचीच फिर्याद खोटी पडती. नवे वापस द्या लागतेत. सत्कार बी गेला."
मी म्हणालो, शब्बीरबद्दल मी खोटं काहीच सांगितलं नव्हतं.
"मग मी तरी काय केलो? तुमी सांगितल्या मान्सालाच आनलो."
बरोबर बोलला. घरी कोण येऊन गेलं हे तो कशासाठी विचारतोय ते तेव्हा मला चांगलं दिसत होतं. जमादार शब्बीरवर बोट ठेवणार हे दिसत होतं. तेवढं एक मी कुणाला सांगितलं नाही.

२६ एप्रिल
देगलूर. शब्बीर एका बोळात स्टोव्ह दुरुस्त करत होता, डाव्या हातानं. उजव्याची बोटं मिटत नाहीत. जुनी मेडलं त्याच्यापुढं ठेवली, पोतं, बाशिंग, सगळं सांगितलं. माफी माग असं मन ओरडत होतं, तोंडातून निघाली ती अर्धीमुर्धी. त्यानं मेडल उलटसुलट करून पाहिलं, परत दिलं. पोराकडून पाणी मागवलं.
"गावाकडं चल," म्हणालो.
"मला तर सांगितलात, साब. गावाला कोन सांगनार?"

२८ एप्रिल
नवी मेडलं सैनिक कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं परत. सोबत खरी हकीकत. देगलूरच्या गाडीच्या कंडक्टरकडं शब्बीरला निरोप दिला : एक तारखेला मी लिंबाखाली आहे, ये.

१ मे
लातूरला गेलो नाही. गणवेश चढवला, छातीवर जुनी मेडलं, पुढ्यात घरची काळी पातेली. सकाळपासून लिंबाखाली.
"हवालदार, सत्काराला न्हाई गेलात? नवे मेडल का हे?"
"जुने. घरातच होते. मायनं बैलाच्या बाशिंगाला शिवले होते. शब्बीरनं घेतले नव्हते. मी त्याचं नाव सांगितलो, म्हणून त्याला मार बसला."
विचारलं त्या प्रत्येकाला हे सगळं सांगितलं. बैलाचं ऐकून हसायचे, पुढचं ऐकून चालते व्हायचे. जमादार सायकलवरून गेला, इकडं बघितलं नाही. दुपारी किराणावाला शिवप्पा दुकान सोडून घरी गेला, एक तपेलं घेऊन आला आणि आमच्या पातेल्यांशेजारी ठेवून परत दुकानात गेला.
संध्याकाळी देगलूरची गाडी आली. उतरले ते दुसरेच.
पातेली तिथंच ठेवून घरी आलो. सौ. म्हणाली, "चोरीला गेली तर मंग?"
म्हणालो, "गेली तर हरवली म्हणू."