स्वरा खोल्या का मोजते?

बुधवार, येलहंका

स्वराच्या गणिताच्या नव्या बाईंचा मला संशय येतोय. आधी मुलांना घरातल्या खोल्या मोजायला लावल्या, मग खिडक्या, मग कपाटं. सातवीच्या मुलांकडून एवढी माहिती कशाला? एखाद्या बिल्डरला तर पुरवत नसतील? आणि मी खोलीत आले की स्वरा टेप लपवते. मोजायचा साधा टेप, तो का लपवायचा?

आज राहवलं नाही. शाळा सुटताना बाईंना गाठलं आणि सरळ विचारलं. त्या इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, 'जरा'ला कानडी 'स्वल्प' म्हणणाऱ्या. म्हणाल्या, "अक्का, स्वल्प आत या."

वर्गाच्या फरशीवर स्वरानं खडूनं आमची झोपायची खोली काढली होती, मापं प्रमाणात लहान करून.

"घरातल्या कुणाची तरी एक अडचण मोजमाप करून सोडवा, एवढंच सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

स्वरानं माझी पाठदुखी निवडली होती. मी दिवसभर पलंगावर लॅपटॉप घेऊन काम करते. तिनं चित्रात कपाट हलवून खिडकीखाली माझ्यासाठी टेबल बसवलं होतं.

हे तिनं एकटीनं केलं? गणिताच्या पेपरला रडणाऱ्या माझ्या मुलीनं? विश्वास बसेना. घरी येऊन तिच्याकडून टेप घेतला आणि स्वतः मोजलं. टेबल बसतं. दारही पूर्ण उघडतं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, आधी पुस्तकातली गणितं कर."

म्हटलंच असतं.