दंडावरचे पाच डाग

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

ताईचे पोटभर आशीर्वाद. पत्राला उशीर झाला म्हणून तोंड फुगवून बसली असशील, तर बस. तुझ्या ताईला सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही.

ठकीच्या शाळेची जागा मालक जूनमध्ये काढून घेतोय. स्वमग्न मुलांची आख्ख्या शहरात ही एकच शाळा. ती बंद झाली की ठकी दिवसभर घरात, खिडकीच्या गजाशी. म्हणून आम्ही पालकांनी नव्या जागेसाठी नाचाचा मोठा समारंभ घ्यायचं ठरवलंय, अठ्ठावीस तारखेला. कमिटीतल्या बायका त्याला चॅरिटी बॉल म्हणतात आणि म्हणताना मान अशी वळवतात की टाचणी टोचावीशी वाटते. हॉल मिळाला, बँड ठरला, तिकिटं खपताहेत. चौदा झगे माझ्याच मशीनवर आहेत. अध्यक्षीणबाई माप देताना पोट आत ओढतात आणि ट्रायलला सोडतात, मग शिलाई उसवत बसायचं मी.

शेवटी शाळेतली आठ मुलं स्टेजवर येणार. ठकी सगळ्यांत पुढे, मी शिवलेल्या जाळीच्या झग्यात. जाळी तिला मानेला सोसत नाही. ट्रायलला अंग चोरते, निसटते, जमिनीवर लोळण घेते. रोज घट्ट धरून एकदाचा अंगात चढवते. एक दिवस तरी माझी पोर चारचौघींसारखी दिसू दे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा तिला अंघोळ घालताना डाव्या दंडावर पाच डाग दिसले. पुढे एक, मागे चार. जुने पिवळे पडलेले आणि त्यांच्यावर नवे निळे. म्हणजे कुणीतरी माझ्या नऊ वर्षांच्या पोरीला पुन्हा पुन्हा आवळतंय. तिला सांगता येत नाही म्हणूनच ना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली कात्री मी भिंतीवर भिरकावली, गिलाव्याचा पोपडा खाली आला. ठकी कानावर हात दाबून कोपऱ्यात बसली ती तासभर उठली नाही.

संशय माझा एकीवरच आहे. शाळेच्या गाडीत मुलांबरोबर बसते ती मदतनीस मावशी. ठकीला रोज तीच हाताशी धरून नेते-आणते. खाली मान घालून बोलते, नजरेला नजर देत नाही.

ठकी दुपारी झोपली असताना कापड बेतायचा पातळ कागद दंडाला गुंडाळून मी डाग जसेच्या तसे उतरवून घेतलेत. सोबत पाठवतेय. तू अपघात विभागातली नर्स, रोज असली अंगं बघतेस. हे कशाने झालेत आणि मधल्या बोटाचा डाग असा गोल, काळा का, ते कळव. तोवर गप्प बसेन म्हणते.

तुझ्या खोडीला आणि तुझ्या मायेला आसुसलेली,
ताई

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट बघायला हवी होती. नाही बघितली.

शुक्रवारी दुपारी गाडी आली तेव्हा मी दारात होते. हातात कापड मोजायची लाकडी पट्टी, आपली ती पितळी कडेची. मावशीने ठकीला उतरवलं आणि तिच्या त्याच दंडावरून हात फिरवला. माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं बघ. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला. दुसरा तिने हात आडवा धरला त्यावर. तिसऱ्याला काडकन आवाज आला. मला वाटलं पट्टी मोडली. पट्टी नव्हती मोडली. मनगट लोंबकळत होतं, सुटलेल्या बाहीसारखं. मी तरी थांबले नाही, चौथा मारला, पाचवा मारला, ती खाली बसली तेव्हा लाथही घातली. ड्रायव्हरने मला कमरेत धरून मागे ओढलं तर त्याच्या हाताला चावले.

तिने एकदाही हात उगारला नाही. शिवी नाही, रडणं नाही. ठकीला तेवढं म्हणाली, की बाळ, तू तिकडे बघ.

हे घरी आले तर मलाच शाबासकी दिली, म्हणाले हाडं खिळखिळी करायची होतीस. शाळेने तिला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. पोलिसात जायचं की नाही ते समारंभानंतर बघू म्हणाले, उगाच नाव खराब नको. आणि ऐक गंमत. कमिटीला माझा कोण अभिमान वाटतोय. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आई असावी तर अशी. समारंभात स्टेजवर बोलावून शाल देणार आहेत, शिवाय पाच मिनिटं बोलायचं. विषय त्यांनीच काढून दिलाय, ‘सुरक्षित हात’.

ठकी मात्र गाडीत चढेना. नवी बाई पुढे आली की स्वतःच्याच मनगटाला चावते, रक्त येईपर्यंत. मावशीची भीती अजून गेली नसेल. होईल कमी.

कागद मिळाला का ते कळव. मी केलं ते बरोबर केलं असं एकदा लिहून पाठव. चार दिवस सुईत दोरा जात नाहीये.

तुझीच,
ताई

दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं एकदमच मिळाली. मी सलग दोन पाळ्यांची ड्युटी करून आले होते. काल एकाला आणलं, सख्ख्या भावाने लोखंडी सळईने डोकं फोडलेला. त्याच्या डोक्याला टाके घालताना डॉक्टरांना मदत केली. घरी येऊन तुझा कागद उघडला.

ताई, हे वाचताना खाली बस.

समोर उभं राहून, उजव्या हाताने, मुलाचा डावा दंड धरून वर खेचला की डाग असे उमटतात. झगा अंगात चढवताना धरतात तसे. आणि मधल्या बोटाचा गोल डाग बोटाचा नाही, धातूचा आहे. सुई टोचू नये म्हणून मधल्या बोटात घालतात त्या अंगुस्तानाचा आहे.

हे मला नर्सच्या शिक्षणाने नाही कळलं. आपल्या आईच्या बोटात तेच असायचं. ती शिवता शिवता उठायची आणि दंड धरून ओढायची. ‘मारलं’ असं ती कधी म्हणायची नाही, ‘धरलं’ म्हणायची. माझ्या डाव्या दंडावर तो गोल डाग असायचाच, आणि तू माजघरात त्यावर थुंकी लावून फुंकर घालायचीस. आई गेली तेव्हा दागिन्यांतलं काही न मागता तू ते अंगुस्तान मागून घेतलंस. तुझ्या बोटात दिवसभर असतं. आता तुला ते आहे हेही जाणवत नसेल.

कागदाची एक प्रत मी ठेवून घेतली, मूळ परत पाठवतेय. त्यावर तुझा हात ठेवून बघ.

तू वाईट आई नाहीस असं लिहिणार होते. खोडलं. ते नंतर बोलू. आधी त्या बाईचं बघ. तिचं मनगट मोडलं, पोटावर पाय आला, शिवाय मुलांना मारणारी म्हणून सगळीकडे नाव झालं. तिला आता कोण कामावर ठेवेल? आणि ठकीच्या अंगाला हात लावू नकोस, हात जोडते. झगा नको घालू. जाळीही नको.

मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी धाकटी

दि. १६ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं पत्र फाडून चुलीत घातलं. तो कागदही. मूल नाही तुला, म्हणून मेलेल्या आईला उकरून काढायला वेळ आहे. मी माझ्या पोरीसाठी माणसाचं हाड मोडलं आणि तू मलाच आरोपी करतेस. इथे असतीस तर तुझंही थोबाड रंगवलं असतं.

झगा शिवून झालाय. अठ्ठावीसला ठकी तो घालणार.

यापुढे आशीर्वाद लिहीत नाही.

दि. १ मार्च

चि. धाकटीस,

सगळे आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

तुझं पत्र मी जाळलं हे खरं आहे. तरी त्यातला शब्द न् शब्द पाठ झाला होता. काल दुपारी ठकीला तयार करायला घेतलं. झगा बघून ती पलंगाखाली शिरली. मी ओढली. ती लाथा मारत होती आणि मी ओरडत होते, की तुझ्यासाठी एवढं करतेय आणि तुला कळत कसं नाही. तिचा दंड वर खेचला आणि माझी नजर तिथे गेली. माझी पाचही बोटं डागांवर बसलेली. कुठे अर्धा इंच इकडेतिकडे नाही. बेतून कापल्यासारखी.

हात काढला तर ठकी लगेच गप्प झाली. रडणंसुद्धा थांबलं. तिला एवढंच हवं होतं गं, मी हात काढावा एवढंच.

तिला तिच्या जुन्या सुती फ्रॉकमध्येच घेऊन गेले. हॉलमध्ये दोनशे माणसं. माझेच झगे गरगरत होते. एका बाईचं अस्तर दिसत होतं आणि अशा वेळीसुद्धा ते मला दिसलं. बँड थांबला, अध्यक्षीणबाईंनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, माझ्या धाडसाबद्दल काय काय बोलल्या. मी माइक घेतला. भाषणाच्या कागदाची घडीच उघडली नाही. सांगितलं की ठकीच्या दंडावरचे डाग माझ्या हाताचे आहेत, आणि जिचा हात मी मोडला तिने पोरीला कधी बोटही लावलेलं नाही.

अध्यक्षीणबाई माइक काढून घ्यायला आल्या. मी सोडला नाही. दोघी खेचाखेच करत होतो, माइक किंचाळत होता, मुलं कान झाकून खाली बसली. तेव्हा एका मुलाची आई स्टेजवर चढली आणि तिने माझ्या थोबाडीत भडकावली. ओठ फुटला. आणि धाकटे, खरं सांगते, मला बरं वाटलं. आता फिटलं असं वाटलं. मग त्याचीच शिसारी आली. मार दिला की फिटतं, मार खाल्ला की फिटतं, आपल्याला दुसरं काही शिकवलंच नाही कुणी.

हे हॉलमधून निघून गेले, अजून बोलत नाहीत. मुख्याध्यापिका मात्र माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, मावशीची त्या माफी मागतील आणि तिला परत बोलावतील, पण माझ्याविरुद्ध लिहून द्यावं लागेल. मी म्हटलं, द्या. शाळेच्या नव्या जागेपुरते पैसे जमले म्हणे. लोक परत नाचायलासुद्धा लागले.

आज सकाळी पोलीस चौकीत जाऊन सगळं सांगून आले. मावशीलाही पत्र टाकलंय. माफ करा असं लिहायची हिंमत झाली नाही, नुसतं काय झालं तेवढं लिहिलं.

तू ये. ठकीला मी एकटीने सांभाळू नये असं मलाच वाटतंय. रजा मिळेल तेवढी घेऊन ये.

तुझ्या लोभावरच उभी असलेली,
ताई

दि. ५ मार्च

शिवणकाम करणाऱ्या बाईंना, गाडीतल्या मावशीचा नमस्कार.

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून पुतणीकडून लिहून घेतेय. मी सांगते तसंच लिही, गोड करू नको, असं तिला बजावलंय.

तुमचं पत्र पोचलं. शाळेच्या बाई घरी येऊन गेल्या. पोलीस पण आले होते. मी त्यांना खरं तेच सांगितलं, तुमच्या बाजूने नाही आणि विरुद्ध पण नाही. पुढे कायद्याने व्हायचं ते होईल, त्यात मी पडणार नाही.

डाग तुमचे आहेत हे मला तुमच्या घरात बसून बघितल्यासारखं माहीत होतं. दारात तुमच्या मधल्या बोटातलं अंगुस्तान रोज दिसायचं, आणि पोरीच्या दंडावर तोच गोल. दोन महिने. रोज सकाळी गाडीत पोरगी बाही वर करून दंड माझ्यापुढे धरायची आणि मी मलम लावायची. तुम्ही पट्टी उचलली त्या दिवशी पण मी मलम सुकलं का तेच बघत होते. आधीच तोंड उघडलं असतं तर माझं हाड वाचलं असतं. नाही उघडलं, कारण तुम्ही चिडून पोरीला शाळेतून काढली असती आणि मग तिचा दंड बघायला कुणीच उरलं नसतं. असा मी हिशोब केला. तो चुकला. मी गप्प बसले म्हणून ती दोन महिने सोसत राहिली. हे माझ्याकडे लागलं, तुमच्याकडे नाही.

माफ केलं असं काही मी म्हणणार नाही. रात्री कूस बदलली की मनगटातून कळ येते, आणि तुमचा चेहरा दिसतो. पण ती दुसऱ्या कुणाबरोबर गाडीत चढत नाही असं शाळेच्या बाई म्हणाल्या, आणि मला घरी बसवत नाही.

सोमवारपासून मी कामावर येतेय. एका हाताने जमेल तेवढं करीन. तुम्ही उंबऱ्याच्या आत उभं राहायचं. पोरगी आपल्या पायाने चालत येईल, तिला धरायचं नाही, मागून ढकलायचं नाही. अर्धा तास लागला तरी गाडी थांबेल, ड्रायव्हरशी माझं बोलणं झालंय. दंड मी रोज बघणार. एक डाग जरी दिसला तरी आता मलम लावत बसणार नाही, गाडी सरळ चौकीवर नेईन.

सकाळी आठला येते. तिला बिनबाह्यांचा फ्रॉक घाला.

मावशी