बत्तिसावं कलम

४ ऑगस्ट

सुटला! जोतीराम सुटला. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानं हायकोर्टाचाच निकाल कायम केला – संशयाचा फायदा. भीमजयंतीच्या मिरवणुकीत, भर चौकात, माझ्या भावाच्या, प्रसेनजीतच्या मानेवर कोयत्याचे तीन वार, आणि म्हणे संशय! साक्षीदार फुटले ना सगळे. मोबाईल भिंतीवर फेकला. बरं वाटलं.

संध्याकाळी त्याच्या दारात फटाके. आमच्यापासून चार घरं. संग्राम उठला, "आक्का, आत्ता तोडतो त्येला." दार अडवलं, ऐकेना, तेव्हा लाटण्यानं हाणलं. भुवई फुटली. धाकटा भाऊ, आणि रक्त मीच काढलं! "एक गेलाय, तू जाऊ नको. कोर्ट अजून संपलं न्हाय." शब्द दिला त्याला.

६ ऑगस्ट

मंगळवार पेठेत, अभिनंदन वकिलांकडे. पहिल्यापासून केस त्यांनीच बघितलीय. म्हणाले, "मॅडम, सर्वोच्च न्यायालयाच्या वर कुणी न्हाय. स्वतःचा निकाल तेच फिरवू शकतात. फेरविचार अर्ज टाकू. तीस दिवस आहेत."

कुणापुढं? त्याच दोन न्यायमूर्तींपुढं! तेही बंद खोलीत कागद वाचून. ज्यांनी थोबाडीत मारली त्यांच्याच पाया पडू? मग बत्तिसावं कलम काय शोभेला आहे? हक्क तुडवला तर थेट सर्वोच्च न्यायालय! बाबासाहेब त्याला घटनेचा आत्मा म्हणाले. बारा वर्षं नागरिकशास्त्र शिकवतेय मी.

"ते कोर्टाच्याच निकालाविरुद्ध चालत न्हाय हो!"

चालत नाही? आमच्या घरात हे बोलून दाखवावं कुणी! तशीच उठून आले.

२१ ऑगस्ट

याचिका स्वतः लिहिली, स्वतःच पाठवली. आईनं पाकिटाला हात जोडले. "बाबासायबानं लिवलंय म्हंजे चालणारच की."

१८ सप्टेंबर

परत आली. न्यायालयाच्या निकालाविरुद्ध बत्तीस लागू नाही. एक ओळ!

आणि तीस दिवस उलटून गेले. मीच घालवले. शहाणी! डोकं आपटून घेतलं, टेंगूळ आलंय. वर्गात पोरी हसल्या, दुसऱ्याच कशाला तरी, तर डस्टर भिरकावलं. एकीच्या कपाळाजवळून गेलं. 

१९ सप्टेंबर

मान खाली घालून वकिलांकडे. एका शब्दानं टोचलं नाही भल्या माणसानं. उशीर माफ करावा, असा अर्ज जोडून फेरविचार टाकला.

२० नोव्हेंबर

फेटाळला. एवढ्या उशिराचं कारण पटलं नाही म्हणे.

मी ओरडले, "मग संपूर्ण न्याय करायची ताकद दिलीय ना त्यांना? कलम एकशे बेचाळीस?" वकील म्हणाले, "दिलीय. पण वापराच, असं त्यांना सांगणारं कुणी न्हाय, मॅडम." एक शेवटचा अर्ज राहतो, पण आशा धरू नका म्हणाले.

संग्रामला सांगितलं.  ओरडला असता तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर

संविधान दिन. दरवर्षी विहारात उद्देशिका मी सांगते, बाकीचे मागून म्हणतात. 'न्याय'पर्यंत आले आणि पुढं म्हणवेना. लोक थांबलेले. फाटकाशी जोतीराम, बुलेट गुरगुरवत. "काय गं मास्तरीण, पुस्तक वाचून भाऊ उठतोय व्हय?"

संग्राम धावला. आठ जणांनी धरला. आई मातीत बसून ऊर बडवत होती. आणि तो हसत होता, दात काढून! मला कुणी धरलं नाही. मास्तरीणबाई काय करणार?

रोज पहाटे नदीकडं पळायला जातो तो. एकटाच.

२८ नोव्हेंबर

जोतीराम मेला.

ठाण्यात संग्राम म्हणतोय, मी मारला. आई म्हणते, पोरगं खोटं बोलतंय, मी मारला.

दोघंही खोटं बोलतायत. साडी धुऊन वाळत टाकलीय. वाळली की नेसून जाते, आणि सांगते.