सावधान, हा नंबर फ्रॉड आहे

३ डिसेंबर २०१९

धरलीच शेवटी!

सकाळी साडेदहाला मंडळाच्या ग्रुपवर एक अनोळखी नंबर. लिंकवरून आत शिरलेला. ग्रुप मराठी मंडळाचा, आणि बाई लिहिते हिंदीत — 'नमस्ते सर, मुझे एक छोटी सी हेल्प चाहिए. क्या कोई एक घंटे के लिए मेरे घर आ सकते हैं? जो बोलेंगे मैं दे दूँगी.' फोटोत पिवळी साडी, वय तिशीचं. घरी या, एक तास, जे म्हणाल ते देईन! असल्या बायांचं मले सगळं माहीत आहे. मागच्याच महिन्यात गंगाधरचं बँकेचं खातं कोण्या 'मॅडम'नं फोनवर गोड गोड बोलून साफ केलं.

ती पुढे अजून काहीतरी टाईप करून राहिली होती. करू देतो काय! ॲडमिन आहे मी. दिली काढून. दोन मिनिटं पण लागली नाहीत. मग तिचा फोटो, नंबर, मेसेज — सगळ्याचा स्क्रीनशॉट काढला आणि खाली लिहिलं, 'सावधान! हा नंबर फ्रॉड आहे. ही बाई पुरुषांना घरी बोलावते व व्हिडिओ काढून धमकावते. सर्व ग्रुपवर पाठवा.' व्हिडिओचं मी माझ्या मनानं जोडलं. तेवढं लिहिल्याशिवाय लोक घाबरत नाहीत. मंडळ, पेन्शनर, कॉलनी — तिन्हीकडे टाकलं, पेन्शनरांच्या ग्रुपवर हिंदी करून. एकट्या मंडळात एकतीस अंगठे! गंगाधरनं लिहिलं, 'भाऊ, तुम्ही आहात म्हणून ग्रुप आहे.'

जेवण चांगलं गेलं.

४ डिसेंबर

दुर्गच्या साडूनं माझाच मेसेज मलेच पाठवला. वाढत वाढत आला आहे. आता ती चौघांची टोळी आहे आणि अभनपुरात एका व्यापाऱ्याले लुटलं आहे. मी मंदाकिनीले मोठ्यानं वाचून दाखवला.

ती म्हणे, "तिले विचारलं होतं काय तुम्ही, कशाची मदत पाहिजे म्हणून?"

"चोराले विचारतात काय?" म्हटलं.

ती मेथी निवडत राहिली. बायकांले जगाचं काही समजत नाही.

७ डिसेंबर

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

गोल बाजारात गेलो होतो, मंदाकिनीले पितळेचा डबा पाहिजे होता. तिथे नीलेश भेटला, माझ्या जुन्या दोस्ताचा, यज्ञेश्वरचा पोरगा. रेल्वेत गार्ड आहे, चार चार दिवस मालगाडीवर असतो. रबराची चादर घेऊन राहिला होता. मी विचारलं, कोणासाठी रे?

"काका, आपको पता नहीं? पापा को लकवा मार दिया. दिवाली के बाद." उजवी बाजू गेली. आणि बोलणं आलं परत, पण हिंदी नाही आली. फक्त मराठी आली. डॉक्टर म्हणतात, होते असं कधी कधी. घरात नीलेशची बायको एकटी. तिले मराठी येत नाही. नीलेशचा फोन ड्यूटीवर बंद. म्हातारा दिवसभर काहीतरी मागतो आणि ती पोरगी घरातली एक एक वस्तू उचलून दाखवते — पाणी? कंबल? रेडिओ?

"तो उसने मंडल के ग्रुप में लिखा था, काका. कोई मराठी वाला एक घंटा आ जाए, पापा से बात कर ले, उसको थोड़ा समझा दे. पूरा लिख भी नहीं पाई. किसी ने निकाल दिया और फोटो के साथ फ्रॉड करके चला दिया. क्या क्या फोन आए, काका! आदमी लोग रेट पूछते हैं. उसने सिम फेंक दी, व्हॉट्सॲप उड़ा दिया."

माझ्या हातात डबा तसाच.

"आप तो ॲडमिन हो ना? पता चलेगा क्या किसने किया?"

"बघतो," म्हटलं. डबा घेतला नाही. तसाच घरी आलो.

मेसेज पुसायले गेलो तर वेळ निघून गेलेली. सगळ्यांसाठी पुसता येत नाही. फक्त माझ्यापुरता पुसता येतो म्हणे. वा!

८ डिसेंबर

ग्रुपवर लिहिलं — 'सदर मेसेजमध्ये तथ्य नसल्याचे समजते. कृपया पुढे पाठवू नये.'

समजते! कोणाकडून समजते रे, दिवाकर?

दोन अंगठे आले. गंगाधर म्हणे, 'भाऊ, टोळीवाल्यांचा दबाव आला काय?' त्यावर सगळे हसले.

१० डिसेंबर

गेलो शेवटी. बूढापाऱ्यात तेच घर, तलावाच्या मागच्या गल्लीत. तीन वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. नवं राज्य झालं तेव्हा भोपाळहून मंत्रालयाच्या फायलींच्या ट्रकमागे आलो ते आम्ही दोघंच, एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. आणि नीलेशनं साहूंची, इकडच्या हिंदीवाल्यांची पोरगी केली तेव्हा मी मंडळात सगळ्यांसमोर बोललो, "आता यज्ञेश्वरच्या घरी हळदीकुंकवाले इकडची चीला-चटणी मिळणार." लोक हसले होते. त्यानंतर यज्ञेश्वर मंडळात आला नाही.

नीलेशच्या बायकोनं, पूर्णिमानं, दार साखळी लावूनच उघडलं. मी म्हटलं, "मराठी मंडल से आया हूँ, बेटा." तर एक पाऊल मागे सरकली. माझ्या हाताकडे पाहत होती, फोन आहे काय म्हणून. मी दोन्ही हात मोकळे दाखवले. साठीच्या माणसानं!

यज्ञेश्वर पलंगावर. तोंड एका बाजूले ओढलेलं. मले पाहिलं आणि रडायलेच लागला. मग एका दमात — पाठ खाजवून राहिली, कड बदलून दे, खिडकीतून ऊन डोळ्यावर येते, पोरीले सांग खिचडीत मीठ जास्त होते पण रागावलो नाही म्हणून सांग. मी एक एक हिंदीत सांगत गेलो. पूर्णिमा पळत पळत करत गेली. मिठाचं ऐकलं आणि हसली. मग पदर तोंडाले लावून आत गेली.

निघताना म्हणाली, "अंकल, आप पहले आदमी हो जो आए. भगवान आपका भला करे."

गल्लीच्या तोंडाशी येऊन मी भिंतीले टेकून उभा राहिलो.

११ डिसेंबर

चार ते पाच तिकडेच होतो. तिथे बरं वाटते, घरी आलो की स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटते.

१२ डिसेंबर

चार ते पाच. त्याले जुन्या साहेबांच्या गोष्टी सांगितल्या. पोट धरून हसला, एका बाजूनं.

१४ डिसेंबर

पूर्णिमा एका खाजगी शाळेत तिसरीले शिकवते. शिकवत होती! आज तिनं चहा देता देता सांगितलं. पालकांनी फोटो नेऊन दाखवला, म्हणून शाळेनं घरी बसवलं. प्रिन्सिपल मॅडम वाईट नाही. म्हणते, ज्यानं हे लिहिलं त्यानं नावानिशी, सहीनिशी द्यावं की खोटं होतं, मी पालकांले तोंड देते. वीस तारखेपर्यंत. मग हिवाळ्याच्या सुट्या, आणि सुट्यांनंतर दुसरी टीचर.

"अंकल, आप तो मंडल में सबको जानते हो. पता लगाओगे ना?"

"हव," म्हटलं. तिच्याच बोलीत म्हटलं. "पता करता हूँ."

चहा गरम होता, गटागटा प्यालो. जीभ पोळली. बरं झालं.

१५ डिसेंबर

मंडळाच्या लेटरहेडवर पत्र तयार केलं. 'दिनांक तीन रोजी मंडळाच्या समूहावर एका सदस्याकडून अनवधानाने चुकीची माहिती प्रसारित झाल्याचे निदर्शनास आले आहे. मंडळ दिलगिरी व्यक्त करते.' खाली हिंदी तर्जुमा, मंडळाचा शिक्का.

चौतीस वर्षं मंत्रालयात हेच केलं. निदर्शनास आले आहे. कार्यवाही झालेली दिसून येते. कोणी केलं ते कधी येऊ द्यायचं नाही, वाक्यात करणारा माणूसच ठेवायचा नाही. माझ्या ड्राफ्टले साहेब लोक वाखाणायचे. आज पूर्णिमाच्या हातात दिलं तर तिनं कपाळाले लावलं.

१६ डिसेंबर

परत आलं. मॅडमनं विचारलं, "इसमें किसने किया, ये तो लिखा ही नहीं है?"

पूर्णिमा माझीच समजूत घालत होती. "कोई बात नहीं अंकल, आपने तो कोशिश की."

१७ डिसेंबर

आज यज्ञेश्वरचा फोन त्याच्या उशाशी होता. इतके दिवस बंद पडून होता. नीलेशनं चार्ज करून दिला, डाव्या हाताले चाळा म्हणून. मी फोनकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. आज बोलला नाही फारसं. मले वाटलं थकला असेल.

घरी येऊन ग्रुप उघडला. माझ्या त्या मेसेजवर बोट दाबून धरलं. कोणी कोणी वाचला त्याची यादी येते. सगळ्यात वर — यज्ञेश्वर. आज, दुपारी दोन वाजून दहा.

म्हणजे मी गेलो तेव्हा त्याले माहीत होतं. मी त्याची कड बदलली तेव्हा माहीत होतं!

ताटावरून उठलो. मंदाकिनीनं विचारलं, "जेवत काहून नाही?" सांगून टाकलं. सगळं. यज्ञेश्वर, पूर्णिमा, शाळा, पत्र. वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणे, "ते पत्र तुम्ही लिहून राहिले होते तेव्हाच मी समजली. घरातल्या भांडणात पण तुम्ही असंच बोलता. कप फुटला म्हणता. फोडला कधी म्हणत नाही."

१८ डिसेंबर

जाणार नव्हतो. पूर्णिमाचाच फोन आला नव्या नंबरवरून — "अंकल, बाबूजी सुबह से आपका नाम ले रहे हैं."

गेलो. त्यानं मले जवळ बोलावलं. हळू, पण एक एक शब्द स्वच्छ — "तिले सांग. तूच सांग. मले तिची भाषा येत नाही ना आता, नाहीतर मीच सांगितलं असतं."

पूर्णिमा दारात उभी. "क्या बोल रहे हैं बाबूजी?"

आठ दिवसांत त्याचा एक शब्द मी इकडचा तिकडे केला नव्हता. मिठाचं पण खरं सांगितलं होतं.

"चाय माँग रहे हैं," म्हटलं.

ती लगबगीनं चहा करायले गेली. यज्ञेश्वरनं डोळे मिटून घेतले. चहा आला तर तोंड उघडलं नाही. ती बिचारी चमचा घेऊन म्हणत होती, "पी लो ना बाबूजी, आपने ही तो माँगी थी." आजारी माणसाच्या तोंडचा शब्द चोरला मी! याच्यापेक्षा खरा फ्रॉडवाला बरा. तो पैसे चोरतो.

१९ डिसेंबर

गेलो नाही. फोन आला, उचलला नाही. दिवसभर कोऱ्या कागदासमोर बसून होतो. 'मी' लिहायचं आणि खोडायचं. मंदाकिनी दोनदा येऊन चहा ठेवून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "उद्या वीस आहे."

२० डिसेंबर

सकाळी पूर्णिमाले घेऊन शाळेत गेलो. रस्त्यात ती खूश होती. तिले वाटलं, मले माणूस सापडला. "कौन है अंकल, बताओ ना." रिक्षात आवाज येत नाही असं दाखवलं.

प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या जवळ जवळ. पूर्णिमानं ओळख करून दिली, "मैडम, ये हमारे अंकल हैं. बहुत भले आदमी हैं, रोज़ आते हैं."

मी म्हटलं, "मैडम, वो मैसेज मैंने लिखा था. मैंने इनसे पूछा तक नहीं कि क्या चाहिए. वीडियो वाली बात मेरे मन की थी. पूरी झूठी." आणि कागद ठेवला. नाव, पत्ता, फोन, सही. मॅडमनं दोनदा वाचला, चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, आणि पूर्णिमाले म्हणाली, "दो जनवरी से आ जाना."

पूर्णिमानं मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही. उठली, खुर्ची धरून थोडी लांब सरकवली आणि परत बसली. बस, तेवढंच.

ती एकटी घरी गेली. मी तोच कागद तिन्ही ग्रुपवर टाकला आणि ॲडमिनपद सोडलं. एक पण अंगठा आला नाही. गंगाधरनं फोन केला, "काय भाऊ, एवढं जाहीर करायची गरज होती काय? हळूच पुसून टाकलं असतं!" साडूचा मेसेज आला. चौघांची टोळी आता ओडिशात पोहोचली आहे. त्याले लिहिलं, ती टोळी म्हणजे मी. त्याले वाटलं मस्करी करून राहिलो.

चार वाजले तेव्हा चपला घालायले उठलो आणि परत बसलो.

२१ डिसेंबर

यज्ञेश्वरच्या नंबरवरून मेसेज आला. डाव्या हातानं लिहायले त्याले किती वेळ लागला असेल! 'चार वाजता ये.'

त्याच्याखाली हिंदीत, तिनं जोडलेलं — 'ऊपर का बाबूजी ने खुद लिखा है. दरवाज़ा खुला रहेगा. चार से पाँच मैं घर पर नहीं रहूँगी.'