प्रकार नमूद नाही

वेलचेरी, चेन्नई

तीर्थस्वरूप त्र्यंबकमामांच्या चरणी भाचा राणोजी याचा अंथरुणातूनच साष्टांग नमस्कार (आठवडाभर आडवाच आहे, वेगळं वाकावं लागलं नाही). तंजावरला सगळे सुखरूप असतील आणि कनकामामींचे गुडघे त्यांना जिना चढू देत असतील, अशी आशा करतो. इकडे मी पिवळा आहे आणि सुन्न आहे. पिवळेपणा उतरेल म्हणतात. सुन्नपणाचं कोणी काही सांगत नाही.

तुम्ही जमवलेली सोयरीक मी एका वाक्यात घालवली, आणि ते वाक्य अक्षरशः खरं होतं, याचाच मला धक्का बसलाय. माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांची टिपणं वाचून रोगाला ठरलेला कोड द्यायचा, मग तिकडची विमा कंपनी बिल मंजूर करते. त्यात आमचं सोवळं फार कडक. तपासणीचा अहवाल काहीही सांगो, डॉक्टरने स्वतः लिहिलं नसेल तर आम्ही मानत नाही. 'बहुधा अमुक रोग' असं लिहिलं आणि रोगी तपासून घरी गेला, तर ते 'बहुधा' धरायचं नाही. तोच रोगी इस्पितळात दाखल असेल आणि घरी सोडेपर्यंत 'बहुधा' टिकलं, तर मात्र रोग आहेच असं धरायचं. (मुलगी बघायला गेलो तेव्हा कीर्तनाला हे सगळं मी सविस्तर समजावलं. ती मधूनमधून हसत होती. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे नियमांची आवड असावी.)

त्याच दिवशी, त्यांच्या घरी जायच्या आधी, भीतीने घसा सुकला म्हणून तांबरम स्टेशनाबाहेर बर्फ घातलेला उसाचा रस प्यालो. महिन्याभराने डोळे पिवळे. डॉक्टरांनी कागदावर नुसतं 'हेपटायटीस' लिहिलं. रक्ताच्या अहवालात स्वच्छ 'ए', म्हणजे दूषित पाण्याने होणारा आणि बहुतेकांचा आपोआप बरा होणारा. डॉक्टर तोंडाने 'ए' म्हणालेही, पण तोंडचं आम्ही धरत नाही. अशात कीर्तनाच्या वडिलांचा, बालाजीरावांचा फोन आला. कुठला हेपटायटीस, ए, बी की सी? सवयीने माझ्या तोंडून निघालं, प्रकार नमूद नाही. "म्हणजे बी नाही ना?" त्यांनी विचारलं (बी बायकोलाही लागू शकतो). मी म्हणालो, उपलब्ध कागदांवरून तसं सांगता येणार नाही. मामा, तोवर हा माणूस मला माप्पिळ्ळै म्हणत होता (आपल्याकडे जावयाला जावई आता कोण म्हणतं), आणि फोन ठेवताना मला 'मिस्टर राणोजी' म्हणाला.

मग मी डॉक्टरांना रीतसर लेखी प्रश्न दिला. उत्तर सुचवेल असा प्रश्न विचारणं आमच्यात पाप, म्हणून 'ए आहे ना' असं न विचारता सगळे पर्याय लिहिले: ए, बी, सी, इतर, ठरवता येत नाही. डॉक्टरांनी शेवटच्या पर्यायावर खूण करून पुढच्या रोग्याला बोलावलं. ती खूण माझ्या आजाराबद्दल की माझ्याबद्दल, तेही नमूद नाही.

असो. तुम्ही काळजी करू नये. मला कोणाकडून काही नको आहे.

आपला आज्ञाधारक,
राणोजी

ता. क. बालाजीरावांना एक फोन करून 'ए आहे, ए' एवढं सांगाल का? तुम्ही मिरचीचे व्यापारी, तुम्हाला आमचे नियम लागू नाहीत. मला कीर्तना फार आवडली आहे. हे मी स्वतः लिहिलं आहे, त्यामुळे धरायला हरकत नाही.

ता. क. २. वरचा फोन राहू द्या. उलट्या वाढल्या म्हणून आज सकाळी इस्पितळात दाखल झालो. ते कळल्यावर दुपारी कीर्तनाचा निरोप आला: अप्पांना काहीही वाटो, माझं उत्तर बहुधा हो. मामा, काल हे मला धरता आलं नसतं. आज धरता येतं, फक्त घरी सोडेपर्यंत टिकायला हवं. तेव्हा इथल्या डॉक्टरांना फोन करा आणि पोराला लवकर सोडा म्हणावं.