पेडल दाबायला माणूस

३ मार्च, सोमवार

आज गॅरेजचं शटर उघडलं. सात आठवड्यांनी!

कुलूप हलेना. शिवणाच्या मशीनचं तेल घातलं तेव्हा फिरलं. आत सगळं तसंच. गाडी चार स्टँडवर उचललेली, चारही चाकं काढून भिंतीला टेकवलेली. मागच्या बाजूचे दोन कॅलिपर लालभडक रंगवलेले — ह्या वयात लाल! — आणि पुढचे दोन गंजून तपकिरी. अर्ध्याच तोंडाला पावडर लावून बाई बाहेर पडावी तशी दिसते गाडी.

कॅलिपर म्हणजे काय ते मला माहीत आहे. ब्रेक दाबला की चाकामागची लोखंडी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो तो. तीस वर्षं ह्यांच्या तोंडून ऐकतेय. कान दिला नव्हता एवढंच.

मागच्या डाव्या चाकापाशी ह्यांची बसायची गोणपाटाची गादी अजून आहे. मी तिकडे बघितलं नाही. शटर ओढलं आणि घरात आले.

४ मार्च, मंगळवार

लेकीचा फोन. "भंगारवाल्याशी बोलले आहे. एकतीस तारखेला उचलून नेईल."

मला न विचारता! गाडीने तुझं काय घोडं मारलंय, म्हटलं. तर म्हणते, "त्या गाडीपायी बाबा गेले. मला ती डोळ्यांसमोर नको. आणि चाकं तरी आहेत का तिला?"

"चाकांवर उभी राहिली तर?"

"कोण उभी करणार? तू?" आणि हसली.

ते हसणं झोंबलं. "हो, मीच!" म्हणून फोन ठेवला. झालं. आता बोलून बसलेय. तीस वर्षं त्या गाडीला सवत म्हणून नावं ठेवली, आणि आता मीच तिची कड घेतेय.

६ मार्च, गुरुवार

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले. ह्यांचा दोस्त. निवृत्त झाल्यापासून हे अर्धा दिवस त्याच्याच गॅरेजमध्ये पडीक असायचे. मी काय म्हणतेय ते ऐकून तो हातातला फडका नुसता पिळत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, चहा टाका. आलोच."

पुढचे दोन्ही कॅलिपर त्याने काढून दिले. तेलाच्या नळ्यांना बुचं मारली. काम वाटून घेतलं — घासणं, रंगवणं माझं. बोल्ट आवळणं त्याचं. "ब्रेक आहेत, खेळणं नाही." वर चाकांच्या कमानी — चाक काढलं की जी पोकळी दिसते ती — त्याही आतून खरवडून काळ्या करायच्या. "भाऊंनी मागच्या दोन केल्यात. पुढच्या राहिल्या."

राहिल्या! सगळंच राहिलंय.

जाताना मिस्त्री गादीला वळसा घालून गेला. त्यालाही पाय लावायचा नव्हता.

९ मार्च, रविवार

तारेचा ब्रश, घासकागद, बादलीभर साबणाचं पाणी. कमानीतून चिखलाचे पापुद्रे निघतात. थरावर थर. वरचा करडा, खालचा तांबूस, त्याच्याखाली वाळू — ही समुद्रावरची असणार. लेक सहा वर्षांची होती तेव्हा एकदाच गेलो होतो. परत येताना मी मागच्या सीटवर झोपले होते आणि हे दोघं पुढे गाणी म्हणत होते, बेसूर. ती वाळू इतकी वर्षं चाकाच्या डोक्यावर बसून हिंडली!

सगळी खरवडून काढली. मग रडले. आधी ठेवायची होती थोडी, हे नंतर सुचलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

१० मार्च, सोमवार

बोटं इतकी दुखतात की सुईत दोरा ओवता येईना. गिऱ्हाइकाला परवाचा वायदा दिला.

१३ मार्च, गुरुवार

लिहून टाकते. कुठेतरी लिहायलाच हवं.

अकरा जानेवारी, शनिवार. चार वाजून गेले होते. मी पडदे शिवत होते, एका कचेरीचे, बावीस पडदे, सोमवारी द्यायचे होते. गॅरेजमधून हाक आली — "अगं ए, जरा ये ना गं. पेडल दाबायला."

ब्रेकचं काम झालं की नळीत हवा अडकते. ती काढायला दोघं लागतात. एकाने आत बसून ब्रेकचं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून स्क्रू सैल करायचा. हवा तेलातून बुडबुडे होऊन निघते. स्क्रू बंद, मग पेडल सोडायचं. पुन्हा दाबायचं. असं वीस-पंचवीस वेळा. दर वेळी ते मलाच बोलवायचे.

मी मशीन थांबवलंसुद्धा नाही. तिथूनच ओरडले, "मला दुसरी कामं नाहीत का? तुमच्या त्या म्हातारीलाच सांगा!"

पुन्हा हाक आली नाही. मला वाटलं, रुसले. बसू देत.

साडेपाचला चहा गार झाला म्हणून तणतणत गेले. गादीवर बसलेले होते, डोकं मडगार्डला टेकलेलं. आठ नंबरचा पाना हातात. स्क्रूला नळी लावलेली, तिचं दुसरं टोक बरणीत बुडवलेलं. सगळी तयारी करून ठेवली होती. फक्त पेडलवर कोणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कोणी शेजारी असतं तरी काही सांगता आलं नसतं. सांगता आलं नसतं म्हणजे वाचले नसते असं नाही ना!

त्या संध्याकाळी लेकीने विचारलं, "बाबांनी हाक नव्हती का गं मारली?"

मी म्हटलं, "नाही."

१५ मार्च, शनिवार

लेक येऊन गेली. औषधं ठेवली, फळं ठेवली. माझे हात बघितले — नखांत काळं, अंगठ्याला पट्टी. शटरकडे नजर गेली तशी ओठ घट्ट मिटून घेतले. बापावर गेलीय, मनातलं तोंडावर यायचं नाही.

निघताना दारात थांबली. "आई, एक विचारू?" मला वाटलं, हाकेचंच विचारणार.

"गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

चोराच्या मनात चांदणं. "घेते," म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

आज रंग. गंज पूर्ण निघाल्यावर कॅलिपर पुसले, प्रायमर मारला, वाळवला. रबराच्या भागांना आणि हवेच्या स्क्रूला चिकटपट्टी लावायची असते. ते माझ्या हातचं काम! गळपट्टी बसवावी तशी पट्टी बसवली. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, माझ्या पोरांना शिकवा हो."

काळा रंग आणावा असं मनात होतं. पण डबा उघडला, लाल अर्ध्याहून जास्त शिल्लक. चौघांना पुरेल असाच मोजून आणला होता ह्यांनी. मग लालच मारला. पहिल्या हाताला ओघळ आले. पुसून पुन्हा मारला.

लाल चांगला दिसतो. हे मी त्यांना कधीच सांगितलं नसतं, हेही खरं.

२० मार्च, गुरुवार

दुसरा हात वाळेपर्यंत काम नाही, म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. गाडी उचललेली, त्यामुळे उंच वाटतं. पेडलवर पाय ठेवला. दाबला नाही.

इथे बसून मी किती बडबडले असेन! पाय दुखतोय, दूध उतू जाईल, किती वेळ लागणार. आणि मागून आवाज — "दाब... धर... सोड." माणूस दिसायचा नाही. आरशात नुसतं एक कोपर.

आता आठवतं तशी गंमत वाटते. ह्यांना समोरासमोर बोलायचं म्हणजे जिवावर यायचं. जेवताना मूग गिळून बसायचे. पण चाकामागून बोलायचे! मुदतीआधी नोकरी सोडली, ते मला चाकामागून कळलं. "दाब... धर... आज राजीनामा दिला... सोड." मी पेडल सोडायचंच विसरले. लेकीने आपला आपण मुलगा पसंत केलाय, हेही तसंच. सासूबाईंच्या आजाराचं खरं नावही. मी आत बसून आकांडतांडव करायचे, आणि हे शांतपणे, "धर... धर... हं, सोड." ओरडून संपलं की हवाही निघालेली असायची.

त्या दिवशीही काही सांगायचं असेल का?

नको. हा विचार नको.

२३ मार्च, रविवार

घोळ घातला! मिस्त्री सकाळी आला, कॅलिपर जागेवर लावले, बोल्ट आवळले, आणि मग डोकं खाजवत बसला. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. मी घासून-पुसून टेबलावर ठेवताना बाजू बदलल्या होत्या आणि त्याला हातात दिले ते तसेच. लाल रंगात दोन्ही सारखेच दिसतात. एरवी कापडाच्या प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करणारी मी!

"हवेचा स्क्रू नेहमी वर यायला पाहिजे वहिनी. तुमचा खाली आलाय. हवा वर जाते. स्क्रू खाली असला तर जन्मभर पेडल मारत बसा, हवा आतच."

पुन्हा काढून बरोबर लावले. तो गेल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना. सव्वादोन महिने मीही तेच करतेय. जिथून निघायचं तिथे तोंडच नाही. लेकीशी गोळ्यांबद्दल बोलते, फळांबद्दल बोलते.

तिला सांगितलं तर ती काय म्हणेल? "मग तू गेली का नाहीस?" एवढंच म्हणेल. त्याचं माझ्याकडे उत्तर बावीस पडदे!

२७ मार्च, गुरुवार

कमानी झाल्या. काळ्या रंगाचे दोन जाड हात दिले. हात लावला तर डांबरासारखा वास येतो बोटांना. आता हवा काढायची आणि चाकं चढवायची, की उभी राहिली म्हातारी. चार दिवस आहेत.

पण हवा काढायला दोघं लागतात. मिस्त्री चाकापाशी बसेल. पेडलवर मी बसणार नाही. माझ्याने होणार नाही ते. कोणाला तरी पाठव, म्हणून निरोप दिला.

२९ मार्च, शनिवार

मिस्त्री एकटाच आला. मी म्हटलं, पेडल दाबायला माणूस कुठे आहे?

"माणूस कशाला? भाऊंची नळी आहे ना." मला काही कळेना. तर म्हणाला, "झडपेची नळी हो. एकाच बाजूने सोडते, हवा परत आत येऊ देत नाही. एकट्याने पेडल मारायचं, काम होतं. सहा वर्षांपूर्वी मीच दिली त्यांना. माझ्याकडे येऊन गिऱ्हाइकांच्या गाड्यांची हवा तिनेच काढायचे. कधी कोणाला हाक मारली नाही."

हत्यारांच्या पेटीत तळाच्या कप्प्यात सापडली. माझ्याच पडद्याच्या चिंधीत गुंडाळलेली. पुसून, कोरडी करून.

सहा वर्षं! सहा वर्षं मला हाका मारत होते — "दुसरं माणूस लागतं गं, एकट्याने होत नाही." आणि मी पाय आपटत जायचे.

त्या दिवशीही ती कप्प्यातच होती. मी नाही म्हटल्यावरसुद्धा काढली नाही त्यांनी. बरणीत साधी नळी बुडवून बसून राहिले.

मिस्त्रीला म्हटलं, आज नको. उद्या संध्याकाळी ये, बोल्ट तपासायला. त्याने माझ्याकडे बघितलं, पेटी बंद केली आणि गेला.

३० मार्च, रविवार

झडपेची नळी शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवली. वर चिंध्या टाकल्या.

लेकीला फोन केला. म्हटलं, जरा ये ना गं, पेडल दाबायला. दुसरं माणूस लागतं, एकटीने होत नाही.

"आई, आज मला खूप कामं—" म्हणाली, आणि थांबली. मग म्हणाली, "किती वाजता?"

चारला येते. ती आत पेडलवर, मी चाकामागे, ह्यांच्या गादीवर. "धर" म्हणेन, आणि सांगेन.