पलंगाखालचे ठोकळे

शनिवार, ११ जानेवारी

पुन्हा रात्र बसून काढली! पित्ताशय काढलं तेव्हा वाटलं, सुटले. कुठलं काय! आडवं झालं की घशापर्यंत आंबट आग चढते. पाच उशा रचून पाहिल्या – पोट मुडपतं, टाके ताणतात, सकाळी मान धरते. रोगापेक्षा औषध जालीम.

आज डॉक्टरीणबाई रागावल्या. "उशा नका रचू. पलंगच डोक्याकडून उचला, खुरांखाली काहीतरी भक्कम द्या. डाव्या कुशीवर झोपा. रात्री लवकर जेवा. आणि खोकताना टाक्यांवर हात दाबून धरा." जन्मभर शाळेत मुलांना सूचना दिल्या, आता स्वतः खाली मान घालून ऐकते आहे.

डावी कूस म्हणजे रोनाल्डकडे पाठ. तर नवरोबा म्हणतात, "चला, माझ्या घोरण्याची तक्रार तरी बंद होईल." मेला!

रविवार, १२ जानेवारी

रोनाल्डने ठोकळे आणले. दोन, सागवानी, काळे पडलेले – आणि हे वजन! मिस्सा आटोपल्यावर बॅप्टिस्टशी, म्हणजे आमच्या चर्चची देखभाल करतो त्याच्याशी, काहीतरी कुजबुज चालली होती, तेव्हाच ठरलं असणार. कुठले म्हणून विचारलं तर म्हणे, "पडून होते." एकावर मेणाचा ओघळ आहे. नखानं खरवडला, निघाला नाही.

सोमवार, १३ जानेवारी

झोपले!! सलग! उन्हं खोलीत आली तेव्हा जाग आली. आंबट नाही, आग नाही. बॅप्टिस्टला आपल्या कोंबड्यांची अंडी पाठवली.

बुधवार, १५ जानेवारी

झोप उत्तम. स्वप्न मात्र विचित्र. पलंग उंच झाल्यापासून पायांकडचं दार समोर दिसतं. त्या दारातून माणसं आत येत होती, रांगेनं, चपला बाहेर काढून. माझ्या पायाशी क्षणभर थांबायची, क्रुसाची खूण करायची आणि पुढे सरकायची. तोंडं नीट दिसली नाहीत.

रोनाल्डला सांगितलं. "मनी वसे ते स्वप्नी दिसे! ऑपरेशन झाल्यापासून घरात नुसता पाहुण्यांचा राबता आहे." तेही खरंच. शेजारची मार्गारेट तर रोज येते आणि तिच्या नणंदेचं ऑपरेशन कसं बिघडलं तेच सांगून जाते.

शुक्रवार, १७ जानेवारी

पुन्हा आली माणसं. आज एक बाई थांबून राहिली. बाकीचे गेले तरी ती पायाशीच, एक हात पोटावर घट्ट धरून, मान खाली, तोंड दिसेना. इझाबेलमावशी! पोटाच्या दुखण्यानंच गेली ती. शेवटी शेवटी अशीच पोट धरून असायची. न्यायला आली असेल का मला?

उठून रोझरी म्हटली. एलिसाला फोनवर काही बोलले नाही. पोर पुण्याला, उगाच तिच्या जिवाला घोर.

शनिवार, १८ जानेवारी

रोनाल्ड माझं गुलाबी औषध प्यायला. काल मित्राकडे, फ्लॉईडकडे, झणझणीत विंदालू हाणलं, आता छातीत जळजळतं म्हणे. "तुझी लागण झाली मला!" म्हटलं, चमचा धुऊन ठेव.

सोमवार, २० जानेवारी

हंसा आली. खाडीकडची, माझ्या बरोबरीची, वालाच्या शेंगा घेऊन. मला वाकता येत नाही म्हणून केर काढू लागली. पलंगाखाली झाडू घातला आणि तशीच वाकून राहिली.

"क्लेमेंटीन, हे कोनी आनले गं? मार्गारेटच्या सासऱ्याला ठेवलेलं, तवा पेटीखाली हेच होते ना?"

तो मेणाचा ओघळ आठवला. मयताची पेटी घरात ठेवतात ती डोक्याकडून उचलून, दारातून येणाऱ्याला चेहरा दिसावा म्हणून. पाय दाराकडे. आणि मी आठवडाभर अगदी तशीच निजते आहे!

रोनाल्ड आल्याबरोबर भांडले. रडले. तो आपला थंड – "लाकूड ते लाकूड. कुणाला गरज लागली तर मागून नेतील."

नेऊन टाक म्हणणार होते. पण सपाट पलंगावर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि झोपेशिवाय मी माणसात नसते. रात्री त्याच ठोकळ्यांवर निजले. लाज वाटते लिहायला, पण गाढ झोप लागली.

बुधवार, २२ जानेवारी

मावशी रोज येते. बोलत नाही, बोलावत नाही. एलिसासाठी ठेवलेल्या बांगड्या वेगळ्या डब्यात काढल्या. असू दे.

रोनाल्ड विहिरीपासून इथवर चालत आला तर दम लागला. पुन्हा गुलाबी औषध. डावा खांदाही भरून आलाय. म्हणतो, "तुझ्या पलंगाच्या उताराची कृपा!" दाखवून ये म्हटलं. "तू आधी बरी हो." मीही पुढे ताणलं नाही. मला माझंच पडलेलं.

शनिवार, २५ जानेवारी

इतके दिवस कसं दिसलं नाही मला!

काल रात्री माणसं आली, थांबली, खूण केली – आणि पहिल्यांदाच मी त्यांचे डोळे पाहिले. माझ्याकडे कुणी बघतच नाही! सगळ्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जाते. माझ्या पाठीमागे. डाव्या कुशीवर निजते ना मी!

दचकून जागी झाले, टाक्यांची पर्वा न करता वळले. रोनाल्ड घोरत होता. त्याचं घोरणं ऐकून असा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

सकाळी सगळं सांगितलं. वाटलं हसेल. हसला नाही. "सोमवारी जाऊ हृदयाच्या डॉक्टरकडे. शपथ." मी म्हटलं, जाऊच, पण हे ठोकळे आत्ताच्या आत्ता घराबाहेर! एक घटकाभरसुद्धा नकोत मला! "अगं, शेजारच्या डिलनला हाक मारतो, तो उचलेल," म्हणाला. तेवढाही धीर मला नव्हता. मग त्यानं एकट्यानं पलंग उचलला, ठोकळे ओढून काढले, दोन्ही काखांत मारले.

"बॅप्टिस्टकडे टाकून येतो. चहा ठेव, क्लेमी."

चहा ठेवला आहे. तोवर हे लिहिते आहे. झोप गेली तर गेली, बसून काढीन रात्री. किती दिवसांनी जीव हलका वाटतो आहे.

शुक्रवार, ३१ जानेवारी

ठोकळे त्याच संध्याकाळी परत आले. बॅप्टिस्टनंच लावले, बाहेरच्या खोलीत. वाटेवरच्या क्रुसापाशी ते खाली ठेवून रोनाल्ड जरा टेकला होता. उठलाच नाही.

माणसं आली, रांगेनं, चपला बाहेर काढून. मी पेटीच्या पायाशी उभी होते. सगळे गेले तरी तिथेच. मेणबत्त्यांच्या धुरानं खोकला आला, म्हणून टाक्यांवर हात घट्ट दाबून धरला.

इझाबेलमावशी नव्हती ती.